मेघाली एकटी असल्याबाबत

तारापूरजवळच्या मच्छीमार गावातली मेघाली, वय चोवीस, हिला जपानमधल्या मासळीच्या कारखान्यात तीन वर्षांची नोकरी लागली. भाषेची परीक्षा झाली, व्हिसा झाला. कारखान्याने जाता जाता एवढंच कळवलं, की वसतिगृहापासून कारखान्यापर्यंत कामगारांनी आपापलं बसने यावं. या एका ओळीवरून बोईसरच्या भरती कार्यालयातल्या किंजल मॅडमनी एक नवा दाखला जन्माला घातला : 'उमेदवार एकटीने बसप्रवास करू शकत असल्याबाबत'.

"मॅडम, मी बारा वर्षांची असल्यापासून सुक्या बोंबलांची टोपली घेऊन वाणगावच्या बाजाराला एकटी जाते," मेघाली म्हणाली.

"टोपली होती ना?"

"होती."

"मग ती मालवाहतूक झाली. आम्हाला प्रवास हवाय. पंधरा तारखेच्या आत दाखला आणा, नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराला जाईल."

राग गिळायची मेघालीला सवय नव्हती. पण पुढचे उमेदवार बाहेर बाकावरच बसले होते, म्हणून तिने तो गिळला.

ग्रामसेवक खंडेराव यांनी आजवर जन्म, मृत्यू आणि दारिद्र्य यांवर शिक्के मारले होते. एकटेपणावर कधी मारला नव्हता. नमुना उपलब्ध नसल्याने त्यांनी रहिवासी दाखल्याच्या नमुन्यातच फेरफार केला आणि खाली दोन साक्षीदार घातले : 'प्रवासात प्रत्यक्ष हजर असलेले'. त्यानुसार शेजारचे एकनाथकाका आणि गोजराबाई मेघालीच्या दोन बाजूंना बसून पालघरपर्यंत गेले आणि परत आले. चार दिवसांनी अर्जही परत आला. वर किंजल मॅडमचा शेरा होता, 'साक्षीदार सोबत असल्याने उमेदवार एकटी नव्हती.'

दुसऱ्या खेपेला साक्षीदार रिक्षाने बसच्या मागून गेले. पुन्हा शेरा आला, 'साक्षीदारांनी बसचा मागील भाग पाहिल्याचे दिसते. उमेदवार पाहिल्याचे दिसत नाही.'

आता प्रकरण गंभीर झालं. खंडेरावांनी समिती नेमली. समितीने ठरवलं, की बसमध्ये एक अनोळखी, तटस्थ निरीक्षक असावा. पण अनोळखी पुरुष तासभर गावच्या मुलीकडे बघत बसणार, याला गावाची हरकत आली. म्हणून महिला मंडळाच्या दोघी वाढल्या. त्या मेघालीशी बोलल्या तर तिचा एकटेपणा भंगेल, म्हणून त्यांच्यावर लक्ष ठेवायला तंटामुक्तीचे अध्यक्ष आले. पुरावा हवा म्हणून फोटोग्राफर आला. फोटो निघणार हे कळल्यावर उरलेले सगळे आले. पालघरला सत्कार ठरला, मुख्याध्यापकांनी 'स्वावलंबन' या विषयावर भाषण लिहून काढलं. शेवटी एसटीची खास गाडी प्रासंगिक करारावर घ्यावी लागली. गाडीच्या पाठीवर फलक लागला : 'कु. मेघाली हिचा एकटीचा प्रवास'. फलकावर एकोणीस हसरे चेहरे होते. मेघालीचा डाव्या कोपऱ्यात, तिकिटाएवढा.

त्या सकाळी घरून निघताना मेघालीने आईला, प्रेमलाला विचारलं, "आये, तू येतेस ना?"

"नाय बाय. माजे बोंबील वाळत हायत." प्रेमलाने बांबूवरचा एक बोंबील उगाच सारखा केला. "आन तू एकटी जातेस ना? मग मी कशाला?"

तो दाखला अख्ख्या गावात एकाच माणसाला समजला होता, आणि त्या माणसाला वाचता येत नव्हतं.

मेघाली बोईसरच्या स्टँडवर पोचली तेव्हा खास गाडी खच्चून भरली होती. कंडक्टर दारातच आडवा उभा. "जागा नाय."

"अवो, माझ्यासाठीच हाय ना ही गाडी!"

खिडकीतून खंडेराव ओरडले, "अगं, तू मागच्या गाडीने ये! आम्हाला सत्काराला उशीर होतोय!"

गाडी गेली. मेघालीला आधी रडू आलं. मग फलकावरचा आपला तिकिटाएवढा चेहरा वळणावर दिसेनासा होताना बघून जे हसू फुटलं, ते आवरेना. वीस मिनिटांनी साधी गाडी आली.

"किती?" कंडक्टरने विचारलं.

"एक पालघर."

त्याने तिकीट दिलं आणि पुढे गेला. खिडकीची जागा मिळाली. मांडीवर टोपली नव्हती, त्यामुळे हात कुठे ठेवावेत ते तिला बराच वेळ कळेना.

पालघरला समिती नाश्ता करत होती. हात धुताना कुणाच्या तरी लक्षात आलं, की मुलीला प्रवास करताना कुणीच पाहिलेलं नाही. पण शाल आणली होती, फलक लागला होता. तिथेच ठराव झाला : 'उमेदवाराने समितीच्या संपूर्ण देखरेखीखाली एकटीने प्रवास केला.' खाली सत्तेचाळीस सह्या झाल्या.

"भाऊसाहेब, पण तुमी तर मला पायलंच नाय," मेघाली म्हणाली.

"कुणी पाहिलं नाही, म्हणजेच तू एकटी होतीस!" खंडेराव म्हणाले. "याहून पक्का पुरावा कोणता?"

सत्तेचाळीस सह्या पाहून किंजल मॅडमनी एकही शेरा मारला नाही. खऱ्या गोष्टीचा खोटा दाखला मुदतीत दाखल झाला, आणि बाविसाव्या दिवशी मेघाली विमानतळाच्या बसमध्ये बसली. समितीला तारीख कळवायची ती विसरली. मुद्दाम. प्रेमला नाक्यापर्यंत आली, बस सुटायच्या आधीच वळली, आणि घरी पोचेपर्यंत तिने मागे पाहिलं नाही.

आता मेघाली रोज सकाळी जपानमध्ये बसने कामावर जाते. तिच्यासोबत कोण आहे, हे तिथे कुणी विचारत नाही.

इथे मात्र विचारतात. एवढ्या लांब एकटीच? घरचं कुणीच नाही सोबत? आणि तीन वर्षांनी लग्नाचं काय? हे वाचताना आपल्याही मनात यातलं काही आलं असेल, तर संकोच करू नये. समिती बरखास्त झालेली नाही. खास गाडीत आणखी एक जागा निघते. मेघालीसाठी निघत नव्हती, आपल्यासाठी निघते.