वेणूताईच्या कोबीवरची अंडी

बाळांनो, सरसावून बसा. एका जंगलात, जिथले प्राणी फार शिकले-सवरलेले होते, तिथे वेणूताई नावाची ससीण राहायची. पदरात चार पिल्लं आणि थंडीभर पुरेल एवढा कोबीचा मळा. बाकी हरी हरी.

एके सकाळी कोबीच्या पानामागे तिला पिवळ्या अंड्यांचा पुंजका दिसला. पुसून टाकावा की राहू द्यावा? तिने शेजारपाजारी विचारलं.

"कावळेबुवांना विचार," सगळे म्हणाले. "दरसाल अंडी उबवतात. त्यांच्याएवढं अंड्यांतलं कुणाला कळतं?"

"अगदी खरं!" कोकिळा म्हणाली. "आमच्याकडचं सगळं तेच बघतात."

कावळेबुवा आले. मान वाकडी करून आधी एका डोळ्याने पाहिलं, मग दुसऱ्याने. आता त्या जंगलात 'मला ठाऊक नाही' म्हणणं म्हणजे शिवी दिल्यासारखं. बुवा कशाला म्हणतील?

"ढालकिड्याची अंडी," ते म्हणाले. "पिकावरची मावा कीड खाणारा मित्र. हात लावायचा नाही. ऊन लागू देऊ नका."

वेणूताई बिचारी दिवसभर पानावर सावली धरून उभी राहिली.

अंडी फुटली. आतून हिरव्या अळ्या निघाल्या आणि कोबीवर तुटून पडल्या. बघता बघता मळ्यात नुसते देठ उरले. वेणूताई रडत जंगलाच्या सभेत गेली.

"बुवा, आता माझ्या पोरांनी खायचं काय?"

"अंडी मित्राचीच होती," कावळेबुवा खेकसले. "संस्कार कमी पडले. तुमच्या घरी वाढली ना? मग लक्ष कुणी द्यायचं?"

सभेने माना डोलावल्या. मला तर त्या सभेचा अस्सा संताप येतो! पण वेणूताई काय करणार? खाली मान घालून घरी आली.

दुसऱ्या दिवशी दारात साळिंदर उभा. काखेत गाजरांची टोपली, हातात वांग्याचं पान. पानामागे अंडी.

"ताई, तुम्ही अनुभवी. आख्खा मळा घातलात या विषयात. जरा बघता का?"

वेणूताईने पान उलटसुलट केलं. तिला काही म्हणजे काही कळलं नाही. आत पिल्लं भुकेने कुरकुरत होती. तिने टोपलीकडे पाहिलं.

"मित्र आहे, भाऊजी," ती म्हणाली. "हात लावू नका. टोपली आत ठेवा."

तात्पर्य: आपला मळा उजाडला म्हणून रडत बसू नये. सल्ला द्यायला लागावं. शेजाऱ्याचा मळा अजून शिल्लक असतो.