वरीलपैकी एकही नाही

हिरवा पिकअप ट्रक, १९७८चा, मागची फळी दोरीने बांधलेली.

लिंबाच्या वड्या, वर पिठीसाखर.

पत्र्याच्या पेटीवर पांढऱ्या रंगात एकेचाळीस. चार किंचित कलंडलेला.

"सर, आपण आपणच आहात का, एवढंच बघायचंय."

१४५० नॉर्थ नावाचा रस्ता. असा रस्ता जगात नाही, असं वेंडेल ऑस्टरहाउसचं ठाम मत आहे.

वेंडेल ऑस्टरहाउस त्याच रस्त्यावर राहतो.

या मक्याच्या मुलखात त्याने छत्तीस वर्षं टपाल वाटलं. टपालाच्या मार्ग दोनवर घरांपुढच्या एकशे अठरा टपालपेट्या होत्या. प्रत्येक पेटीमागचं कुत्रं त्याला नावानिशी ठाऊक होतं, आणि कुत्र्यांनाही तो. मग १९९४ साली अॅम्ब्युलन्सला घरं सापडावीत म्हणून काउंटीने, म्हणजे जिल्ह्याच्या कारभाराने, रस्त्यांना आकडे द्यायचं काढलं. वेंडेल भर सभेत उठून म्हणाला, "आकडे कैद्यांना देतात, रस्त्यांना नाही!" ठराव मंजूर झाला. विरोधात एक मत पडलं. त्या एका मताने आजतागायत माघार घेतलेली नाही. त्याचा पत्ता तेव्हाही 'मार्ग दोन, पेटी एकेचाळीस' होता, आताही तोच आहे.

आज पंधरा एप्रिल, कर भरायचा शेवटचा दिवस. देशाचा कर गेल्या आठवड्यात बिनबोभाट भरून झाला होता. राहिला होता राज्याचा. आजवर दोन्ही कर त्याची मेव्हणी व्हर्ना भरून देत असे. ती धान्याच्या गोदामात हिशेबनीस होती. एकतीस वर्षं ती दर एप्रिलला पेन्सिल घेऊन यायची, वेंडेलच्या कागदांना नाक मुरडायची, लिंबाच्या सहा वड्या खायची आणि जाताना म्हणायची, "मी नसते तर तुझं काय झालं असतं, वेंडेल?"

गेल्या नाताळच्या जेवणात वेंडेलने उत्तर दिलं होतं, "यंदा बघूच. माझा मी भरणार. संगणकावर. पंधरा एप्रिलला चारच्या कॉफीला ये, पावती दाखवतो."

आता दोन वाजले होते.

"अर्डिस," त्याने स्वयंपाकघरातल्या बायकोला हाक मारली, "अगदी पोरखेळ आहे हा. व्हर्नाने एकतीस वर्षं उगीच भाव खाल्ला."

"पाठवलंस?"

"पत्ता तेवढा राहिलाय."

त्याने पत्ता टाकला. पडद्यावर अदबशीर प्रश्न आला: *आपल्याला ३३७०, १४५० नॉर्थ असे म्हणायचे आहे का?*

"नाही," वेंडेल पडद्याला म्हणाला आणि 'नाही' वर टिचकी मारली.

*पत्ता नोंदींशी जुळत नाही. आपली ओळख पटवण्यासाठी काही प्रश्नांची उत्तरे द्या. संधी दोन.*

प्रश्न: खालीलपैकी कोणते वाहन आपल्या मालकीचे होते?

हिरवा पिकअप! वेंडेलचा ऊर भरून आला. सरकारला त्याचा ट्रक आठवत होता.

प्रश्न: खालीलपैकी कोणत्या पत्त्यावर आपण राहिला आहात?
अ. २१२, मेपल स्ट्रीट
ब. ३३७०, १४५० नॉर्थ
क. ९, मिल लेन
ड. वरीलपैकी एकही नाही

त्याने छाती पुढे काढली आणि 'ड' निवडला. सत्तावीस वर्षांत इतकं समाधान त्याला कशानेच दिलं नव्हतं.

*क्षमस्व. आपण वेंडेल ऑस्टरहाउस आहात याची खात्री करता आली नाही.*

स्वयंपाकघरातून आवाज आला, "काय म्हणतात?"

"म्हणतात, मी वेंडेल ऑस्टरहाउस नाही."

"असं होय! मग पन्नास वर्षं मी कुणाचे मोजे धुतले?"

त्याने मदतीच्या क्रमांकावर फोन लावला. चाळीस मिनिटं बासरी ऐकली. मग एका गोड आवाजाच्या बाईने विचारलं, "सर, आपण राहता कुठे?"

"मार्ग दोन, पेटी एकेचाळीस."

"असा पत्ता माझ्याकडे नाहीये, सर."

"बाई, मी तिथूनच बोलतोय!"

"सर, आपण आपणच आहात का, एवढंच बघायचंय," बाई म्हणाली. "सर, एक संधी आहे अजून. तीही गेली तर कागदपत्रं पोस्टाने पाठवावी लागतील. मागच्या तीन वर्षांच्या विवरणपत्रांच्या प्रती जोडून."

मागच्या तीन वर्षांच्या प्रती व्हर्नाच्या तळघरात होत्या, निळ्या फाइलींत, वर्षवार लावलेल्या. वेंडेलने हळूच फोन ठेवला. प्रती मागायला व्हर्नाच्या दारात उभं राहायचं, म्हणजे नाताळला काढलेले शब्द गिळायचे, आणि वर जन्मभर ऐकून घ्यायचं.

बाहेर गाडी थांबली. चारला दहा कमी. व्हर्ना कुठेही दहा मिनिटं आधीच पोहोचते. लोकांना बेसावध गाठता येतं.

"झालं का रे?" दारातूनच तिने विचारलं. बगलेतली पर्स तिने घट्ट धरली होती. "नाही, मी आपली सहज विचारते. पेन्सिल आणलीये."

"पेन्सिल लागत नाही यात."

"गेल्या साली कुत्र्याला आश्रित म्हणून लिहायला निघाला होतास, म्हणून म्हटलं."

"खातो माझंच ना तो!"

"अर्डिस, वड्या झाल्यात का गं?"

अर्डिसने ताट आणून ठेवलं. आज व्हर्नाने एकच वडी उचलली आणि तीही हातातच राहिली. पण वेंडेलचं लक्ष नव्हतं. त्याने दुसरी संधी उघडली होती. कोपऱ्यात सेकंद उलटे पळत होते.

प्रश्न: खालीलपैकी कोणत्या पत्त्यावर आपण राहिला आहात?

पुन्हा तोच. पुन्हा ३३७०, १४५० नॉर्थ. त्याचं बोट 'ड' कडे निघालं.

"वेंडेल," अर्डिस मागून म्हणाली, "तुझ्या छातीत दुखलं त्या दिवशी अॅम्ब्युलन्सला फोनवर मी काय सांगितलं होतं, माहितीये? पेटी एकेचाळीस नव्हतं सांगितलं."

हे तिने आजवर कधीच काढलं नव्हतं. वेंडेलने मान वळवली नाही. बोट तेवढं वर सरकलं. ब. सत्तावीस वर्षांचा लढा एका टिचकीत संपला आणि छत काही कोसळलं नाही.

मधले दोन प्रश्न सोपे गेले. मग शेवटचा आला.

प्रश्न: खालीलपैकी कोणती व्यक्ती आपल्या पत्त्यावर राहिली आहे?
अ. हॅरल्ड पिंकनी
ब. व्हर्ना स्टकी
क. लॉइड बीमर
ड. वरीलपैकी एकही नाही

वेंडेलने नावं मोठ्याने वाचली.

१९८६ च्या हिवाळ्यात व्हर्नाचं घर जळालं आणि ती सहा आठवडे यांच्या मागच्या खोलीत होती. पण ती राहिली नव्हती. ती 'पाहुणी आली होती'. हे तिनेच ठरवलेलं होतं. कुणाच्या आश्रयाला राहणं तिच्या कुळात बसत नव्हतं. घरात हा विषय निघाला की वेंडेललाही 'पाहुणी' म्हणावं लागे, नाहीतर ती जेवत नसे.

"पाहुणी होते मी," व्हर्ना म्हणाली. पण आवाज नेहमीचा नव्हता.

"पाहुण्यांचं टपाल वळवत नाहीत," वेंडेल खाली बघत म्हणाला.

"कुणी वळवलं?"

"मी. पत्ता बदलाचा फॉर्म भरला होता. माझ्या हाताने."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस. आणि तुझा पगाराचा चेक एका जळक्या घराच्या पेटीत भिजत बसला असता. माझ्या मार्गावर टपाल भिजत नसतं, व्हर्ना."

वीस सेकंद. एकोणीस.

"ब," व्हर्ना म्हणाली.

"नक्की?"

"अरे दाब ना मेल्या! ब!"

त्याने दाबलं.

*धन्यवाद, वेंडेल ऑस्टरहाउस. आपले विवरणपत्र स्वीकारले आहे.*

छपाईयंत्राने घरघर करत पावती बाहेर सोडली. वेंडेलने ती दोन्ही हातांनी उचलली, उजेडात धरली, आणि लग्नातसुद्धा चालला नव्हता इतक्या ताठ मानेने टेबलापाशी आला. पावती त्याने व्हर्नाच्या बशीशेजारी ठेवली.

"तपास," तो म्हणाला. "पेन्सिल आहेच."

व्हर्नाने पर्स उघडली. पेन्सिल निघाली नाही. निघालं एक पत्र, राज्याच्या शिक्क्याचं, चौघडी घालून मऊ पडलेलं. तिने ते पावतीवर ठेवलं.

वेंडेलने वाचलं. *आपण व्हर्ना स्टकी आहात याची खात्री करता आली नाही. दोन्ही संधी संपल्या आहेत.*

"तू?" तो म्हणाला. "एकतीस वर्षं भरतेस आणि तू?"

"पत्ता विचारला होता. ३३७०, १४५० नॉर्थ. मी दोन्ही वेळा 'वरीलपैकी एकही नाही' म्हटलं." ती तावातावाने पुढे झुकली. "खोटं काय त्यात? तेव्हा असला रस्ता होता कुठे? मार्ग दोन होता तो! पेटी एकेचाळीस!"

वेंडेलने अर्डिसकडे बघितलं, मग छताकडे, मग पुन्हा व्हर्नाकडे. सत्तावीस वर्षांनी काउंटीतलं दुसरं मत त्याला मिळालं होतं, तेही आज.

"काय मागतात आता?" त्याने विचारलं.

"तेव्हा एका छपराखाली राहिलेल्या माणसाची सही. आणि आजच्या तारखेचा पोस्टाचा शिक्का." तिने भिंतीकडे नजर वळवली. "कुणाला सांगू, म्हणून आठवडाभर पर्समध्ये घेऊन हिंडतेय."

"खिडकी पाचला बंद होते," वेंडेल म्हणाला आणि उठला. या विषयात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याने लांब लिफाफा काढला, पोचपावतीचं हिरवं कार्ड काढलं, पेनाची शाई कागदाच्या कोपऱ्यावर घासून बघितली आणि लिहायला घेतलं. मध्येच पेन थांबलं.

"राहत होती लिहू, की पाहुणी होती?"

व्हर्नाने वडी तोंडात टाकली. सावकाश खाल्ली.

"लिही," ती म्हणाली. "राहत होती."

त्याने लिहिलं. खाली सही केली आणि सहीखाली, एकेक अक्षर सुटं काढत, पत्ता: ३३७०, १४५० नॉर्थ. लिफाफा चिकटवला, टोपी घातली आणि गाडीच्या किल्ल्या उचलल्या.

"मी नसतो तर तुझं काय झालं असतं, व्हर्ना?"

"गाडी मी चालवणार," व्हर्ना म्हणाली, आणि जाताना उरलेल्या पाच वड्या रुमालात बांधून घेतल्या.

पेटीवरचा एकेचाळीस १९८६ च्या फेब्रुवारीत व्हर्नाने रंगवला होता.