शेवटची सोळा पाने

रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी हिंदुरावांनी कपाटातला लाखबंद लखोटा हातात घेतला, सहज चाचपला, आणि लगेच पुन्हा चाचपला. आत काहीतरी ताठ आणि चौकोनी लागत होते. पुस्तकाच्या पानांत असे ताठ काही असण्याचे कारण नव्हते. त्यांनी तो खिडकीशी नेऊन उन्हात धरला. खाकी कागदाआडून एका फोटोची कड दिसली आणि तिच्या मागे कुंडलीच्या आडव्यातिडव्या रेघा.

"अगं," त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहून विचारले, "काल कात्रजच्या पाहुण्यांना तू कुठला लखोटा दिलास?"

"वरचा," मथुराबाई आतून म्हणाल्या.

"वरचा म्हणजे कुठला?"

"वरचा म्हणजे जो खालचा नव्हे तो. तुम्हीच ठेवले होते ना एकावर एक?"

ठेवले होते, हे खरे होते. खालच्या लखोट्यात मथुराबाईंच्या भाचीची, शालनची, पत्रिका आणि फोटो होता. तो कात्रजच्या दत्तोबांकडे जायचा होता. दत्तोबांच्या मुलासाठी, संभाजीसाठी, शालनचे स्थळ सांगून गेले होते. वरच्या लखोट्यात मात्र एका खुनाचा उलगडा होता.

हिंदुरावांनी रेल्वेच्या वेळापत्रक विभागात तेहतीस वर्षे काढली होती. निवृत्तीनंतर कोथरूडच्या सोसायटीत राहायला आल्यावर त्यांना एकच नाद उरला, तो म्हणजे आगगाडीत घडणाऱ्या जुन्या रहस्यकथांचा. बंगल्यातला खून त्यांना फसवा वाटे. बंगल्याला मागचे दार असते, माळी असतो, कोणीही केव्हाही येतो-जातो. गाडीचे तसे नाही. डबा बंद, माणसे मोजकी, आणि दोन स्टेशनांमध्ये किती मिनिटे लागतात हे छापील असते. स्वारगेटजवळ पुस्तकांचे बांधणीकाम करणारे आणि फिरते वाचनालय चालवणारे दादामियाँ हेच थोडक्यात सांगत. "साहेब, चालत्या गाडीतनं कुणाला उतरता येत नाही. वाचणाऱ्यालाही नाही."

या दादामियाँनीच सोसायटीतल्या सहा वाचकांसाठी एक पद्धत पाडली होती. पन्नास वर्षांपूर्वी छापलेले एखादे रेल्वे-रहस्य ते आणत, त्याचा सोळा पानांचा शेवटचा फर्मा शिवण उसवून काढत आणि सर्वांसमक्ष लखोट्यात घालून लाख लावत. उरलेले पुस्तक महिनाभर घरोघर फिरे. शेवटच्या रविवारी पाच वाजता प्रत्येकाने गुन्हेगाराचे नाव लिहून चिठ्ठी डब्यात टाकायची आणि मगच लखोटा फोडायचा. तो तोवर एका राखणदाराकडे राही. आधीचे राखणदार यज्ञेश्वर, गणिताचे निवृत्त शिक्षक. मागच्या खेपेस त्यांच्याकडच्या लखोट्याची एक कड गव्हाच्या दाण्याएवढी उचकटलेली निघाली. हिंदुरावांनी भिंग आणले, सभा बोलावली आणि यज्ञेश्वरांना पदावरून दूर करण्याचा ठराव लिहून काढला आणि राखणदारी स्वतःकडे घेतली. यज्ञेश्वर एवढेच म्हणाले होते, "ठीक आहे. एक महिना वाट पाहू."

तो महिना आज संध्याकाळी संपत होता.

"पत्रिकेला लाख लावू नका म्हणून किती सांगितलं," मथुराबाई हात पुसत बाहेर आल्या. "ती काय मालगाडीची वाघीण आहे सील करायला?"

"महत्त्वाचा कागद होता."

"मग वर नाव तरी लिहायचं."

"नाव लिहिलं की नजर जाते," हिंदुराव म्हणाले. हे ते जुन्या कथांतूनच शिकले होते. दोन सारखे लखोटे, नाव कुठल्याच्याही वर नाही, आणि ज्या तासात पाहुणे येणार त्याच तासात राखणदार दाढी करायला गेलेला. एखाद्या कथेत हे वाचले असते तर त्या राखणदाराला त्यांनी मूर्ख ठरवले असते.

"त्यांनी फोडला असेल का गं?"

"कालच्या रात्री देवापुढं ठेवणार होते. आज तीन वाजता गुरुजी येऊन उघडणार."

हिंदुरावांनी घड्याळ पाहिले. तीनच्या आत लखोटा न फुटता हाती आला पाहिजे होता. फुटला, तर पत्रिकेऐवजी खुनाची पाने पाठवून कोथरूडकरांनी थट्टा केली असे कात्रजला वाटणार आणि शालनचे स्थळ जाणार. इकडे पाच वाजता यज्ञेश्वरांपुढे फुटलेली लाख ठेवावी लागणार. त्यांनी पत्रिकेचा लखोटा कापडी पिशवीत घातला. पुन्हा चाचपला नाही. मघाच्या दाबानेच लाखेला केसाएवढी भेग गेली होती.

स्वारगेटला कात्रजची बस नजरेसमोर सुटली आणि पुढची चाळीस मिनिटांनी, मागे आणखी एक रिकामी घेऊन आली. हिंदुरावांनी हा अन्याय मुकाट्याने सोसला. बसमध्ये मथुराबाई म्हणाल्या, "सरळ सांगून टाकू. चुकून बदललं म्हणावं. त्यात काय झिजतंय आपलं?"

"तू काही बोलायचं नाहीस. मी बघतो."

"काय बघणार?"

हिंदुराव खिडकीबाहेर पाहू लागले. थोड्या वेळाने मथुराबाईंनीच विषय बदलला. "आणि त्या गाडीत गार्डानंच मारलं असणार, बघा."

"तू पुस्तक कधी वाचलंस?"

"वाटाणे सोलताना. गार्ड सगळ्यांच्या मागं बसतो आणि त्याच्या मागं कुणी नसतं. त्याला बघणार कोण?"

"गार्ड रेल्वेचा माणूस आहे," हिंदुराव तुटकपणे म्हणाले. त्यांच्या खिशातल्या चिठ्ठीवर डॉक्टरचे नाव होते. एकोणचाळीस मिनिटांचा घाट, तीन बोगदे आणि डॉक्टरची बॅग असा हिशेब त्यांनी तीनदा मांडून पाहिला होता.

दत्तोबांच्या घरी ते दीड वाजता पोहोचले. दत्तोबा गुरुजींना आणायला गेले होते. त्यांच्या पत्नी तुळजाबाई दारात आल्या.

"या, या. निरोप न्हाई, काय न्हाई?"

"इकडं आलो होतो," हिंदुराव म्हणाले. रविवारी भर उन्हात कोणी कात्रजला सहज येत नाही, हे त्यांना बोलल्यावर जाणवले.

"बरं झालं आलात. मागं नळ हाय, पाय धुऊन घ्या."

पिशवी सोडायची की नाही या विचारात ते उंबऱ्यात अडखळले, तेव्हा मथुराबाईंनी ती त्यांच्या हातून काढून घेतली. ते घाईघाईने पाय धुऊन परतले, तेव्हा दोघी बायका कशाला तरी हसत होत्या आणि त्यांना पाहताच थांबल्या. पिशवी खुंटीला होती. पोहे आले. हिंदुराव ते चमच्याने नुसतेच उकरत राहिले. देव्हारा पलीकडच्या लहान खोलीत होता, आणि भिंतीवरचे घड्याळ दोनला पाच मिनिटे दाखवत होते.

"जरा देवाला नमस्कार करतो," ते उठले.

मथुराबाई त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. लग्नाला चौतीस वर्षे झाली होती. इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांनी ऐकले नव्हते.

"करा की," तुळजाबाई म्हणाल्या. "आमी च्या टाकतो. पर पिशवी कशाला?"

"चष्मा आहे तीत."

खोलीत समईचा मंद उजेड होता. देव्हाऱ्यापुढच्या पाटावर लखोटा होता आणि त्यावर हळदकुंकवाची ताजी बोटे. दाराकडे डोळे ठेवून हिंदुरावांनी पाटावरचा उचलून पिशवीत टाकला आणि पिशवीतला काढून पाटावर ठेवला. तेव्हा त्यांना एक धक्का बसला. पाटावर ठेवलेल्याला आता हळदकुंकू नसणार, हे त्यांच्या योजनेत बसलेच नव्हते. पण त्यांनी वाकून पाहिले तर त्यावरही कुंकू होते, जरासे सुकलेले. आपल्याच बोटांचे लागले असावे, असे त्यांनी ठरवले. चाळीस रेल्वे-रहस्यांतला प्रत्येक डाग ज्यांनी भिंगातून तपासला होता, त्यांनी हा एक डाग देवाची कृपा म्हणून सोडून दिला. मग त्यांनी खरोखरच हात जोडले.

परतीच्या बसमध्ये मथुराबाई म्हणाल्या, "अहो, मघाशी मी तुळजाबाईंना—"

"इथं नको."

"ऐका तर."

"घरी. बसमध्ये शंभर कान असतात."

मथुराबाई खिडकीकडे सरकून बसल्या. मग म्हणाल्या, "झालं ना तुमच्या मनासारखं?"

"झालं," हिंदुराव म्हणाले, आणि दिवसभरात प्रथमच हसले. त्याही हसल्या.

घरी पोहोचायला साडेचार वाजले. बोलायला वेळच उरला नाही. पाच वाजता सोसायटीच्या तळमजल्यावरच्या खोलीत सगळे जमले. दादामियाँ पुस्तक, सुई आणि दोरा घेऊन आले होते. फर्मा फोडून वाचला की ते तिथेच तो पुन्हा शिवून टाकत. चिठ्ठ्या डब्यात पडल्या. हिंदुरावांनी लखोटा टेबलावर ठेवला. यज्ञेश्वरांनी खिशातून भिंग काढले. ते त्यांनी नवेच घेतले होते.

"लाख शाबूत आहे," ते म्हणाले. "एक भेग आहे, पण ती मी सोडून देतो. हे हळदकुंकू कशाचं?"

"देवापुढं ठेवला होता," हिंदुराव म्हणाले. एवढे तर खरेच होते.

"असं. मृतात्म्याला शांती मिळावी म्हणून असेल." यज्ञेश्वरांनी भिंग खिशात घातले. "फोडा."

दादामियाँनी लाख फोडली आणि लखोटा टेबलावर रिकामा केला. जरीकाठी साडी नेसून, स्टुडिओतल्या कुंडीशेजारी संकोचून उभी असलेली शालन सर्वांकडे पाहू लागली.

यज्ञेश्वरांनी फोटो उचलला, पत्रिका उलगडली आणि संथ आवाजात वाचले, "गण देव. नाडी मध्य. रंग गव्हाळ." मग वर पाहून म्हणाले, "पुस्तकात ही बाई मला कुठं आठवत नाही. शेवटच्या प्रकरणात गाडीत चढते का?"

हिंदुराव खुर्चीच्या कडेला सरकले. हा लखोटा त्यांनी स्वतःच्या हाताने तिथे ठेवून दुसरा आणला होता. बंद खोली, एक माणूस, दोन लखोटे. आणि तरीही घडू नये ते घडले होते. म्हणजे या क्षणी कात्रजला गुरुजींच्या मांडीवर काय होते, याचा विचार त्यांच्या मनात आला आणि आपल्या पदाची काळजी एकाएकी फार लहान होऊन गेली. त्या पोरीने या फोटोसाठी शेजारणीची साडी मागून आणली होती.

"मी राजीनामा देतो," ते म्हणाले. "पण आधी मला कात्रजला जाऊ द्या."

"जायचं काही कारन न्हाई," दारातून आवाज आला. दत्तोबा उभे होते. बगलेत छत्री, हातात सोळा पाने, आणि मागे मथुराबाई. "मीच आलोय."

हिंदुराव उठून हात जोडू लागले. "दत्तोबा, थट्टा नव्हती हो—"

"ते ठाव हाय. दुपारीच वहिनींनी आमच्या मंडळींना समदं सांगितलं. तुम्ही पाय धुवायला गेलता तवा दोघींनी पाकिटं बदलली बी, वर ताजं कुंकू लावलं बी. तुम्हाला सांगू नका म्हनल्या आमच्या मंडळी, पुरुषमानूस वशाळतो." दत्तोबांनी पाने पुढे केली. "पर मग गुरुजींनी फोडल्यावर पुन्हा हेच कसं निघालं, ते काय आमाला उमगना."

खोलीतले सगळे हिंदुरावांकडे पाहू लागले. मथुराबाईही. त्यांच्या चेहऱ्यावर देव्हारा, पिशवी आणि चष्मा एकामागून एक उमटत गेले.

"सोपं आहे," यज्ञेश्वर म्हणाले. "ऋण गुणिले ऋण, धन. सातवीला शिकवायचो मी. मुलांना उदाहरण सापडत नसे."

"स्थळाचं काय?" हिंदुरावांनी कसेबसे विचारले.

"त्याचंच सांगतोय. गुरुजींनी वाचाय सुरुवात केली, ते थांबंनात. सोळा पानं मोठ्यानं वाचली, अर्धी आळी दारात बसली. त्या गार्डानं मारलं हे कळलं. बोगद्यात डब्याच्या टपावरनं पुढं कसा गेला ते बी कळलं. पर त्यानं मारलं कुणाला आनि कशापायी, हे त्यात कुठंच न्हाई. गुरुजी म्हनले, आधी पहिला भाग आना, मग पत्रिका बघतो. आमचा संभाजी तर वहिनींकडनं पुस्तक घेऊनच या म्हनला. असलं वाचनाऱ्याच्या घरातली पोरगी असंल तर घरात बोलाय काहीतरी राहील, म्हनला."

गार्ड हे नाव खोलीत पडून राहिले. दादामियाँनी डबा उघडून चिठ्ठ्या एकेक करून पाहिल्या. डॉक्टर, नटी, डॉक्टर, तिकीट तपासनीस, डॉक्टर, नटी. यज्ञेश्वरांचीही चिठ्ठी डॉक्टरचीच होती.

"या खेपेला कुणीच नाही," दादामियाँ म्हणाले.

हिंदुरावांनी आपली चिठ्ठी उचलून खिशात घातली. हे सांगितले नसते तरी चालले असते. "हिनं सांगितलं होतं," ते म्हणाले. "बसमध्ये. गार्डाच्या मागं कुणी नसतं म्हणाली. मी ऐकलं नाही. आज काहीच ऐकलं नाही मी."

मथुराबाई पदर सारखा करून भिंतीकडे पाहू लागल्या.

यज्ञेश्वरांनी घसा साफ केला. "माझा एक ठराव आहे. पुढच्या महिन्यापासून लखोटा मथुराबाईंकडे राहावा. राखणदार असा असावा की ज्याला उत्तर आधीच माहीत आहे. त्याला फोडून पाहावंसं वाटत नाही."

"ठेवीन," मथुराबाई म्हणाल्या. "पण लाख नको. आणि वर नाव लिहीन." त्यांनी टेबलावरची पत्रिका आणि फोटो पुन्हा त्याच लखोट्यात घातला, दादामियाँकडून पेन्सिल मागून घेतली, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही वाचता येईल अशा अक्षरात शालनचे नाव लिहून तो दत्तोबांच्या हातात दिला. पुस्तक त्याच्यावर ठेवले.

दत्तोबा दारापर्यंत गेले आणि थांबले. "ह्यात पहिलं पान हाय न्हवं?"

"आहे," हिंदुराव म्हणाले. मग न राहवून त्यांनी पुस्तक उघडून खात्री करून घेतली, आणि नंतर, मथुराबाईंची नजर टाळून, लखोट्याच्या आतही एकदा डोकावून पाहिले.