म्हातारीच्या तेलकट प्लगांची मोहीम

सकल जनांस विदित व्हावे की, मोठ्या लढाया मैदानातच होतात असा जो समज आहे तो खरा नव्हे. एक मोहीम दहा हात लांब आणि सहा हात रुंद अशा गॅरेजात जाहली, तीत हत्ती नव्हते, घोडे नव्हते, तोफा नव्हत्या, परंतु धूर मात्र तोफखान्याने लाजावे इतका जाहला. तिची हकीकत जैसी घडली तैसी येथे लिहिली आहे. तिखटमीठ लावले नाही. तेल पुष्कळ आहे, परंतु ते मूळचेच.

या घराण्याचे कर्ते पुरुष राजश्री तात्यासाहेब, पानाबहाद्दर, पेचकसजंग, उमर पंचाहत्तर, दोन्ही गुडघे बंडखोर. त्यांचे पदरी एक मोटार होती, चार सिलिंडरांची, हिरव्या रंगाची, बटबटीत डोळ्यांची, आणि तिने बेचाळीस वर्षे इमानाने चाकरी केली होती. तिचे मागच्या सीटवर चिरंजिवांनी आयुष्यातला पहिला शब्द उच्चारला, आणि तो 'आई' नसून भोंग्याचा 'पॉम' होता, हे दुःख माईसाहेबांनी कधी बोलून दाखविले नाही. मोटारीस घरात सर्वजण 'म्हातारी' म्हणत.

माईसाहेब म्हणजे तात्यासाहेबांच्या अर्धांगी. त्यांची दरबारी नेमणूक मशालजीची. तात्यासाहेबांनी बॉनेटात मस्तक घालावे आणि माईसाहेबांनी बॅटरी धरोन उजेड पाडावा, ऐसा बेचाळीस वर्षांचा रिवाज.

"जरा डावीकडे धर."

"कुणाच्या डावीकडे?"

"माझ्या गं!"

"तुमचं डोकं आत आहे. नुसत्या पाठीला कसलं आलंय डावं-उजवं?"

येणेंप्रमाणे उभयतांचा संसार सुखाचा जाहला. मात्र उजेड धरता धरता माईसाहेबांनी काय काय पाहोन ठेविले, याची नोंद कोणत्याही दप्तरी नव्हती.

पुढे काळ फिरला. गुडघ्यांच्या बंडामुळे मोटार रस्त्यावर जाईना, आठवड्यातून एकदा जागीच सुरू करावी आणि बंद करावी, इतकीच तिची कवायत राहिली. मग ती सुरू करताच खोकू लागली, अडखळू लागली आणि निळा धूर सोडू लागली. तशात सूनबाईसाहेबांनी शिवणकामाचा कारखाना काढिला, त्याच्या तीन मशिनी जेवणघरात तळ देऊन बसल्या, आणि घासात दोरा निघू लागला. तेव्हा गॅरेजाचा मुलूख आपणांस मिळावा ऐसा दावा सूनबाईसाहेबांनी मांडिला. गुरुवारी संध्याकाळी माईसाहेब जिन्याखालोन जात असता वरोन सूनबाईंचा आवाज त्यांचे कानी पडला.

"म्हातारीचं काय ते एकदा ठरवून टाका. नुसती जागा अडवून बसलीय, खोकते काय, धूर काय!"

माईसाहेबांस नुकताच सर्दी-खोकला जाहला होता आणि त्या वाफारा घेत होत्या. त्या जिन्याखाली पाच मिनिटे उभ्या राहिल्या. मग विषय मोटारीचा आहे हे ध्यानी आले, परंतु काळजास जो चटका बसला तो बसलाच. म्हातारी बाहेर गेली तर मशालजीस घरात काय काम, ऐसा विचार मनात आला आणि जाईना.

चिरंजिवांनी आईबाप आणि पत्नी यांचे मध्ये सापडोन, अडकित्त्यातल्या सुपारीसारखे होत्साते, अखेर फर्मान काढिले. रविवारी सकाळी दहा वाजता म्हातारीने स्वतःच्या ताकदीने समोरची चढण चढोन पाण्याच्या टाकीपर्यंत जावे आणि परत यावे. गेली तर गॅरेज तिचे. न गेली तर अकरा वाजता भंगारवाल्याचा टेंपो येईल.

शुक्रवारी प्रातःकाळी तात्यासाहेबांनी मोहीम उघडली. इंजिनाच्या डोक्यात जे चार प्लग बसलेले असतात आणि ज्यांच्या ठिणगीवर सारा कारभार चालतो, ते चारी काढोन पाहिले तो काळेकुट्ट, ओले, तेलाने माखलेले. ठिणगी पडावी कोठे? मग पेट्रोलाने धुतले, तारेच्या ब्रशाने घासले आणि परत बसविले. मोटार दहा मिनिटे गर्जली, तात्यासाहेब जिंकल्याच्या ऐटीत चहा प्याले, आणि कप खाली ठेवितात तो मोटार फुस् करोन थांबली. काढोन पाहिले तो प्लग पुनश्च ओले. ऐसे तीन हल्ले जाहले आणि तिन्ही मोडले.

शनिवारी कुमक म्हणोन मेकॅनिक उस्ताद आले. त्यांनी एक प्लग पाहिला, नाकाशी नेला, बोटावर पुसला, आणि तात्यासाहेबांकडे डॉक्टर नातेवाइकांकडे पाहतात तैसे पाहिले.

"तात्या, पिस्टनच्या रिंगा गेल्या. तेल वर चढतंय. इंजिन उतरवावं लागेल."

"किती दिवस?"

"तीन आठवडे धरा."

"उद्या दहाला चढण चढायचीय हो!"

"मग ढकलत न्या."

तात्यासाहेब मट्‌कन उलट्या बादलीवर बसले. सूनबाई दाराशी उभ्या होत्या, त्यांच्या हाती गॅरेज मोजावयाचा टेप होता. तो त्यांनी हळूच पाठीमागे लपविला.

तेव्हा माईसाहेबांनी बॅटरी पेटविली. तात्यासाहेबांची सवय चारी प्लग एकाच वाटीत टाकावयाची, परंतु माईसाहेबांनी ते उस्तादांदेखत अंड्यांच्या पुठ्ठ्यात ओळीने मांडोन ठेविले होते, पहिल्याचा पहिला, चौथ्याचा चौथा. त्यांवर त्यांनी उजेड धरिला आणि खाकरल्या.

"उस्ताद, काजळी कोरडी असती तर पेट्रोल जास्त. ही ओली आहे, तर इंजिनचं तेल. बरोबर?"

"बरोबर."

"एक प्लग ओला असता तर त्या एका सिलिंडरच्या खोलीत गळती. इथे चारही सारखेच ओले. चार खोल्यांच्या रिंगा एकाच मुहूर्तावर जातात होय? आमच्या दोघांचे गुडघेसुद्धा एकदम गेले नाहीत."

उस्तादांनी डोके खाजविले. मग माईसाहेबांनी हुकूम केला की प्लग बसवोन हँडल मारावे. उस्तादांनी हँडल फिरविले तो चार वेळा कडक अडले, चारी वेळा सारखेच, म्हणजे आत हवा नीट कोंडत होती आणि रिंगांत जीव होता. उस्ताद घामाघूम जाहले, हँडलाने त्यांचा अंगठा चेचला, आणि त्यांचे मुखावर शरमेची आणि आनंदाची फौज एकाच वेळी उतरली.

"तेलाची पट्टी बघितली का कुणी?" माईसाहेबांनी विचारिले.

"बघायची कशाला?" तात्यासाहेब गरजले. "तेल मीच घालतो ना!"

माईसाहेबांनी पट्टी ओढिली, पुसली, परत बुडवोन काढिली. तेल वरच्या खुणेपर्यंत असावे. ते खूण ओलांडोन, पट्टीचा मुलूख पादाक्रांत करोन, मुठीपर्यंत येऊन भिडले होते. आगीत तेल ओतले असता आग भडकते ऐसे शहाणे सांगतात, परंतु येथे इतके ओतले गेले की आगच विझली होती.

तत्काळ चौकशी बसली. तात्यासाहेबांनी कबुली दिली की दर रविवारी एक पेला, औषधाच्या मापाचा, सवयीने. चिरंजीव पुढे आले आणि जमिनीकडे पाहोन म्हणाले, "बाबा विसरत असतील म्हणून सोमवारी मी एक पेला घालायचो." अडीच महिने हे चालले होते, आणि मोटार तर गॅरेजाबाहेर पडलीच नव्हती.

"दोन पेल्यांनी इतकं चढत नाही," उस्ताद बोलिले. "अजून कुणीतरी आहे."

माईसाहेबांनी बॅटरी विझविली. न्यायाधीशच गुन्हेगार निघण्याचा प्रसंग इतिहासात क्वचित येतो, तो आला.

"बुधवारी," माईसाहेब म्हणाल्या. "मी. तुम्ही दोघं विसराल असं वाटलं."

"तू?" तात्यासाहेब बादलीवरोन उठले. "बॅटरी धरायची सोडून?"

"तुम्ही बोलवत नव्हतात. मग एकटीच यायचे. थोडा वेळ बसायचे तिच्यात."

तात्यासाहेब पुनश्च बादलीवर बसले. इतक्यात दाराकडोन आवाज आला, तो इतका बारीक की शिवणाच्या सुईतून ओवता यावा.

"शुक्रवारी मीपण घालायची. एक पेला."

चिरंजीव चकित होत्साते म्हणाले, "अगं, तुला तर ती नको होती ना?"

"जागा हवी होती. ती मरायला नको होती." सूनबाईंनी टेप पुढे आणिला, मागे नेला. "बाळंतपणाला हिच्यातूनच नेलंत मला. सगळे खड्डे चुकवत."

येणेंप्रमाणे निदान ठरले. जुन्या भाषेत तेलास स्नेह म्हणतात आणि मायेसही स्नेहच म्हणतात. म्हातारीस रोग जाहला होता तो स्नेह जास्त जाहल्याचा. चार जणांनी एकमेकांपासोन लपवोन माया केली आणि तिचा श्वास कोंडला.

मग उस्ताद मोटारीखाली शिरले, खालचा बोल्ट सैल केला, आणि जादा तेल सूनबाईंच्या कपडे भिजविण्याच्या टबात उतरविले, ते दोन लिटरांहून अधिक भरले. प्लग पुनश्च धुतले, घासले, त्यांची फट मोजोन नीट केली, आणि ओळीने आपापल्या ठाण्यावर रवाना केले.

रविवारी दहा वाजता तात्यासाहेब चक्रावर, माईसाहेब शेजारी, मागे चिरंजीव आणि सूनबाई, ऐसी स्वारी निघाली. आरंभी निळा धूर इतका जाहला की समोरच्या काकूंनी वाळत घातलेल्या चादरी उचलोन माघार घेतली. मग धूर विरळ जाहला. चढणीच्या मध्यावर म्हातारी एकदा अडखळली, तो "अहो, गिअर!" ऐसे माईसाहेब ओरडल्या, तात्यासाहेबांनी गिअर उतरविला, आणि म्हातारी धडधडत टाकीपाशी पोहोचली. चिरंजीव वय वर्षे चाळीस, यांचे तोंडून आपोआप शब्द निघाला, "पॉम!"

म्हातारी परत दारी आली, आणि अकरा वाजता टेंपो आला. सूनबाई स्वतः फाटकावर गेल्या, आणि टेंपोवाल्यास त्यांनी जे फर्मान सुनाविले ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेले.

"म्हातारी कुठेही जाणार नाही!"

माईसाहेब जिन्याखाली उभ्या होत्या. विषय मोटारीचा आहे हे त्यांस पक्के ठाऊक होते. तरी ते फर्मान त्यांनी मुकाट्याने स्वतःचे नावे दाखल करोन घेतले.

मग तह जाहला. गॅरेजाची मागची भिंत मशिनींस मिळाली, तेलाचा डबा कुलपात गेला, आणि किल्ली मशालजीकडे आली. दर बुधवारी पट्टी पाहावी, पुसावी, ओतू काही नये, आणि गाडीत बसावयाचे जाहल्यास दोघींनी बसावे, हे कलम सूनबाईंनी आपले हाते जोडिले.

येणेंप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. प्लग चार, चारी कोरडे, रंग बिस्किटाचा. तेल खुणेपर्यंत. आपल्याकडील जखमी, उस्तादांचा अंगठा. शत्रूचा शोध सर्वत्र घेतला. आढळला नाही.