अक्षता न टाकणारे सर

आमच्या खासबाग भागात कुठलंही लग्न असो, हेरेकरसर हजर असतात आणि अक्षता टाकत नाहीत. कुणी हातात कोंबल्याच तर हळूच ताटात परत ठेवतात, खांबाला टेकून सगळं बघतात आणि पंगत बसायच्या आत निघून जातात.

सरांनी जन्मभर कॉलेजात समाजशास्त्र शिकवलं. सर निवृत्त झाले, शास्त्र काही झालं नाही. "मी निरीक्षक आहे. सहभागी झालो की निष्कर्ष बिघडतात," हे त्यांचं पालुपद. नळावर दोन बायका घागरी उगारून भिडल्या, तेव्हाही सर शेजारी शांत उभे. सोडवलं का नाहीत म्हणून मी तणतणलो, तर म्हणाले, "छे! भांडणाचा नैसर्गिकपणा गेला असता."

भाजीवालीला ते 'ताजी आहे ना?' असं कधी विचारत नाहीत. प्रश्नातच उत्तर सुचवणं हा म्हणे संशोधनातला मोठा गुन्हा. ते विचारतात, "मेथी कशी आहे?"

"कशी म्हंजे? हिरवी हाय की!"

सर मान डोलावतात आणि शिळी मेथी घेऊन घरी जातात. ती निवडायला घरात दुसरं कोणी नाही. लग्न केलं नाही, भाऊ-बहीणही नाही.

परवा आमच्या समोरच्या शांताक्काच्या रेखाचं लग्न झालं. शांताक्का घरात यंत्रमाग चालवते. तिला सख्खा भाऊ नाही, म्हणून नंदगडचा एक लांबचा भाऊ मामा म्हणून ठरला होता. त्याची गाडी वाटेतच बंद पडली. इकडे अंतरपाट धरलेला, भटजी ओरडतायत, "मामा, मुलीला आणा!" आणि मुंडावळ्या बांधलेली रेखा दारात एकटी उभी, डोळे भरलेले. मुहूर्त टळायची वेळ आली.

शांताक्का तडक खांबाशी गेली. "अण्णा, लई बघितलासा. आता पोरीला घिऊन चला."

सरांना कुणी अण्णा म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. ते गोंधळले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग त्यांनी रेखाचा हात इतक्या जपून धरला की मलाच भरून आलं. मंगलाष्टकं सुरू झाल्यावर तर एवढ्या जोरात अक्षता टाकायला लागले की भटजींनी डोळे वटारले.

पंगतीला मी मुद्दाम त्यांच्याशेजारी बसलो. म्हटलं, "सर, निष्कर्ष काय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पान पुढं सरकवून बुंदी वाढणाऱ्याला म्हणाले, "वाढ रं आणखी. मुलीचा मामा हाय मी."