सुबरावांच्या मोटारीचे आठ बुश

“त्या मोटारीत बसून मी माहेरला जायची न्हाय. आणि मोटारीशिवाय बी जायची न्हाय,” चंद्राबाईंनी जाहीर केलं आणि सुबरावांपुढं ताट आदळलं.

शहापुरात सुबरावांचे सहा हातमाग होते आणि एक मोटार होती. माग रोज चालत. मोटारीबद्दल तसं छातीठोक सांगता येत नव्हतं. लढाई संपल्यावर विलायतेला परत जाताना कॅम्पातल्या एका साहेबानं ती सुबरावांच्या गळ्यात मारली, तेव्हा तिचं वय सोळा होतं आणि आवाज साठीचा. खड्डा आला की खडखड, आणि खड्डा नसला तरी खडखडच. गेल्या भाऊबिजेला ती संकेश्वरात चंद्राबाईंच्या भावाच्या, बसवंताच्या दारात थांबली, तेव्हा आतून भावजयीचा, यशोदाबाईंचा आवाज आला होता, “बगा गं, भांडीवाला आलाय जणू!” चंद्राबाई तिथं हसल्या होत्या आणि घरी आल्यावर चार दिवस बोलल्या नव्हत्या.

आता त्याच भावाची वास्तुशांत सोमवारवर आली होती. सख्खी बहीण गेली नाही तर पैपाहुण्यांत तोंड दाखवायला जागा उरली नसती. प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीनं जावं, तर “गाडी इकली व्हय?” असं यशोदाबाईंनी चारचौघांत विचारलंच असतं. म्हणजे गाडी गप्प बसवण्याला पर्याय नव्हता.

परशराम मिस्त्री गाडीखाली जाऊन दहा मिनिटांनी बाहेर आला.

“अण्णा, बुश झिजल्यात. कमानीच्या पाट्यांची टोकं गाडीला जिथं जोडल्यात न्हवं, तिथल्या भोकात बुश असतोय, नळीगत. आठ हाईत, आठी खलास. लोखंडावर लोखंड आपटतंय.”

“मग नवं घाल की!”

“लढाईपासनं माल कुठं येतोय? मुंबईला पत्र टाकलं तर दसऱ्यापातुर येईल.”

“सोमवारी वास्तुशांत हाय रं बाबा!”

सुबरावांनी मग स्वतःचं डोकं चालवलं. मागाच्या सुताराकडून बाभळीच्या लाकडाचे आठ बुश करून घेतले. गाडीनं शहापूरची वेसही ओलांडली नाही. पहिल्याच खड्ड्यात तीन बुशांचं सरपण झालं. परशराम डोकं खाजवत म्हणाला, “जाड कातड्याचं करून बगूया. लढाईत असंच करत हुते म्हणं. पर हात चांगला पायजे.”

चांगला हात म्हणजे भरमूचा. त्याच्या पायताणासाठी निपाणीचे तंबाखूवाले सहा सहा महिने थांबत. सुबरावांनी जुना बुश पुढं केला. भरमूनं तो उलटासुलटा करून पाहिला.

“कुणाच्या पायात घालायचं हे?”

“मोटारीच्या.”

“मोटार कुणाची?”

“माझीच की रं!”

“मग झालं. तुमच्या मानाला शोभंल असं करतो. दोन-तीन कोस चालू द्या, मग बगा माझं काम.”

सोमवारी सकाळी परशरामनं शेवटचा बोल्ट आवळला आणि गाडी मांजराच्या पावलांनी निघाली. घरच्या मागावरचं नवं लुगडं नेसून चंद्राबाई मागं बसल्या होत्या, कान टवकारून. बेळगाव मागं पडलं तेव्हा कुठं त्या हसल्या. “आता बसल्यागत वाटतंय,” त्या म्हणाल्या. सुबरावांची मान ताठ झाली.

काकती गाव आलं आणि गाडी बोलली. “कर्र.”

“काय झालं वो?”

“काय न्हाय.”

“कर्र, कर्र.”

“काय न्हाय कसं?”

सुबराव परीटघडीचं धोतर सावरत गाडीखाली शिरले. गाडी हलवली की आठी बुश एकापाठोपाठ ओ देत होते. आवाज ओळखीचा होता, आणि ओळख पटली तसं त्यांचं टाळकं सटकलं. करकरलं नाही तर ते पायताण कसलं, असं मानणारा हा मुलूख. म्हणून कारागीर कातड्याच्या थरात सुकी बी घालतो. कातडं दबलं की ती वाजू लागते. भरमूनं सुबरावांचा मान राखून आठी बुशांत बी घातली होती.

“भरम्या, मुडद्या!” सुबराव गाडीखालूनच ओरडले. “आवाज घालवायला दिलं तर आवाज भरून दिलास व्हय रं!”

त्यांनी आहेरातली तिळाच्या तेलाची बाटली उचलली.

“अवो, देवाच्या दिव्याचं हाय ते!”

“असू दे! देवाला दिसतंय की माझं काय चाललंय ते!”

तेल पिऊन कातडं आणखी दबलं आणि आवाज दुप्पट झाला. “माघारी फिरवा,” चंद्राबाई रडकुंडीला येऊन म्हणाल्या. पण मुहूर्त टळत होता. सुबराव दातओठ खात गाडी हाकत राहिले.

हत्तरगीच्या अलीकडं ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बायका ताडकन उभ्या राहिल्या आणि पदर डोक्यावर ओढून बाजूला झाल्या. पुढच्या गावात तेच. तिसऱ्या गावात एक सून जातं सोडून उठली.

“ह्यांस्नी काय झालं?” सुबराव वैतागून म्हणाले.

“आमचं आबा,” चंद्राबाई हळूच म्हणाल्या.

“आँ?”

“माहेरी आबांचं पायताण असंच वाजायचं. बोळाच्या तोंडाला करकरलं की घरातल्या सगळ्या सुना पदर घिऊन उभ्या. तीन वर्सं झाली आबास्नी जाऊन.” त्यांनी डोळ्याला पदर लावला. सुबरावांना आपल्या रागाचं काय करावं ते कळेना.

संकेश्वरात गाडी करकरत बोळात शिरली. यशोदाबाई पाहुण्या बायकांत विडे लावत बसल्या होत्या. अठरा वर्षं सासऱ्याच्या पायताणावर उठलेलं अंग; ते कुणाला विचारायला थांबलं नाही. पदर सावरून, तांब्या भरून, मान खाली घालून त्या दारात आल्या. त्यांच्या मागोमाग दोन्ही जावा आल्या. गाडीचं दार उघडलं आणि चंद्राबाई उतरल्या.

यशोदाबाईंनी वर पाहिलं. पण तांब्या हातात, मान लवलेली, आणि सगळा मांडव बघतोय. आता माघार घ्यायची तरी कशी?

“या वन्सं,” त्या म्हणाल्या आणि पायावर पाणी घातलं. चंद्राबाईंनी आधी उजवा पाय पुढं केला, मग डावा. घाई अजिबात केली नाही. उभ्या जन्मात माहेरच्या दारात त्यांच्यासाठी कुणी उठलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुबराव भरमूच्या दुकानात गेले. काकतीपासून जमवलेल्या शिव्या अजून तोंडात होत्या. भरमूनं आरी खाली ठेवली.

“कसं झालं काम, अण्णा?”

शिव्या गिळून सुबराव जमिनीकडं बघत म्हणाले, “मागचं डावं वाजायचं थांबलंय. त्यात नवी बी घाल. ही म्हणती, आबा लंगडत्यात.”