दक्षिणेकडची पेटी

माझा दिशाशूल वगैरे गोष्टींवर अजिबात विश्वास नाही. (हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचल्यावर तुम्हाला ते पटणार नाही.) पण बहात्तर सालच्या त्या डिसेंबरात आमच्या कचेरीतल्या दादाजींनी माझं मद्रासचं तिकीट हातात घेतलं, पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात नेला आणि विचारलं, "गुरुवारी? दक्षिणेले?" तेव्हा मी तिकीट परत घेऊन वार पुन्हा पाहिला.

"काहून? गुरुवारी गाड्या जात नाहीत का दक्षिणेले?"

"गाडी जाते गा. तिले काय होते? गुरुवारी दक्षिणेले दिशाशूल असते. मी जाऊ नका नाही म्हणत. बुधवारीच प्रस्थान ठेवून द्या. आपलं काय जाते?"

हल्लीच्या पोरांना प्रस्थान ठाऊक नसतं, म्हणून सांगतो. निघायचा दिवस वाईट असेल तर आदल्या चांगल्या दिवशी प्रवासाचं थोडं सामान दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे तुम्ही चांगल्या दिवशीच निघालात, असा ग्रहांचा समज होतो. मग जाताना ते सामान तिथून उचलायचं आणि पुढे चालू लागायचं. रुमालात सुपारी आणि मूठभर तांदूळ बांधून शेजारी ठेवले तरी भागतं. दादाजींनी मला एवढंच सांगितलं होतं, हे कबूल करायला हवं. बाकीची अक्कल माझी स्वतःची.

या प्रवासाची गोष्ट मुळात जुनी. माझी बायको गोपिका खाप्याची. कन्हान नदीपेक्षा मोठं पाणी तिनं पाहिलेलं नव्हतं. लग्न झाल्यावर तिनं मला पहिली जी मोठी गोष्ट विचारली ती ही, की समुद्राचा पलीकडचा काठ खरंच दिसत नाही का? मीही समुद्र पाहिला नव्हता, पण मी नवीन नवरा होतो. मी म्हणालो, "मी तुले दाखवतो ना! माझ्यासोबत उभी राहून पाहा." पुढे पोरं झाली, त्यांची शिक्षणं झाली, लग्नं झाली, आणि समुद्र तसाच राहिला. शेवटी तिचा धाकटा भाऊ रविंद्र नोकरीनिमित्त मद्रासला गेला आणि माझ्या कचेरीनं प्रवासभाडं मंजूर केलं. खरं सांगतो, मला स्वतःला समुद्राचं काही नव्हतं. तो पाहताना तिचा चेहरा कसा होतो, तेवढं मला शेजारी उभं राहून पाहायचं होतं.

रविंद्रनं कळवलं होतं की डिसेंबरात तिकडे पाऊस असतो. हिवाळ्यात पाऊस! मी नागपूरकर माणूस. मी हिशेब केला की आपल्याकडची डिसेंबरची थंडी आणि आपल्याकडचा जुलैचा पाऊस एकाच वेळी अंगावर येणार. म्हणून मोठ्या लोखंडी पेटीत मी रजई घातली. रजई भिजू नये म्हणून ताडपत्री घातली. मग रेनकोट, गमबूट, दोन छत्र्या, दोन स्वेटर, कानटोपी, आणि गमबुटात जागा वाया जाऊ नये म्हणून त्यात चिवड्याच्या पुड्या. वरून माझे सगळे कपडे.

गोपिका दारात उभी राहून पाहत होती. "अजी, मले समुद्र पाहाचा आहे. तिथं संसार नाही मांडाचा."

"तुले काही समजत नाही वं. ओली थंडी लई वाईट असते."

"माझ्या साड्या मी माझ्या थैलीत घेते. तिकिटं बी माझ्याचपाशी ठेवते," ती म्हणाली. एवढं एकच काम त्या घरात शहाणपणानं झालं.

आता प्रस्थान कुठे ठेवायचं? शेजारचं घर होतं, पण ते आमच्या उत्तरेला. दक्षिणेला जायचं तर प्रस्थान उत्तरेला ठेवून कसं चालेल? दक्षिणेला आमच्या घरामागे नुसतं मैदान. मी विचार करत करत दक्षिणेला सरकत गेलो आणि थेट बेसाला जाऊन पोचलो. बेसा म्हणजे तेव्हा शहराबाहेरचं खेडं. तिथला बळीराम आम्हाला रोज सायकलवरून दूध आणून द्यायचा. त्याच्या घरी पेटी ठेवायची आणि गुरुवारी सकाळी त्यानं ती आपल्या बैलबंडीतून स्टेशनावर आणून द्यायची, असा माझा बेत. (हा बेत ऐकून दादाजींनीसुद्धा कपाळाला हात लावला होता. तेव्हाच मला समजायला हवं होतं.)

"साध्या सुपारीचं काम आहे ते," गोपिका म्हणाली. "येवढी पेटी काहून पाठवता?"

"अवं, ठेवाचंच आहे तर नीट ठेवावं ना."

बुधवारी पेटी रवाना झाली. आणि बुधवारी रात्री नागपुरात पाऊस आला.

साधासुधा नाही, धो धो. डिसेंबरात! सकाळी उठून पाहतो तर अंगणात तळं. बळीरामचा पत्ता नाही आणि बंडीचाही नाही. रेनकोट बेसाला. गमबूट बेसाला. दोन्ही छत्र्या बेसाला. माझ्या अंगावर पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा आणि बनियन. दुसरा कपडा घालायचा तर तोही बेसाला.

"राहू द्या ती पेटी," गोपिका म्हणाली. "रविंद्रचे कपडे होतील तुम्हाले. चला सीधे टेशनावर."

"आणि ठेवलेलं प्रस्थान सोडून जाऊ?"

"तुमचा तर विश्वास नव्हता ना?"

यावर मी रागावलो. तिला म्हटलं, तू रिक्षा करून स्टेशनावर जा, गाडीत बस, मी पेटी घेऊन आलोच. तिनं माझ्या डोक्यावर पोत्याची खोळ घालून दिली आणि थैली उचलली. मला वाटतं तिनं तेव्हाच काहीतरी ठरवलं होतं.

शेजारच्याची सायकल मागून घेतली आणि निघालो. डांबरी रस्ता संपल्यावर काळी माती लागली. ओली काळी माती काय चीज आहे ते विदर्भातल्या माणसाला सांगावं लागत नाही. सायकलची दोन्ही चाकं मातीनं भरून फिरेनाशी झाली. आधी मी सायकलवर बसलो होतो, मग सायकल माझ्यावर बसली. वाटेतच बळीराम दिसला. बंडी आसापर्यंत रुतलेली, बैल उभे आणि पेटी वर, पोत्याखाली, अगदी कोरडी.

"सकाळपासून जोर लावून राहिलो, बाबूजी," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "बैलच सरकून नाही राहिले. काय भरलं जी याच्यात? सोनं हाय काय?"

"रजई आहे," मी म्हणालो. त्यानं बैलांकडे पाहिलं. बैलांनी माझ्याकडे पाहिलं.

सायकल तिथेच सोडली. दोघांनी मिळून पेटी चिखलातून पक्क्या रस्त्यापर्यंत नेली. तिथे रिक्षा मिळाली. रिक्षावाला माझा अवतार पाहून आधी नाही म्हणाला, मग हात जोडल्यावर तयार झाला. सारा रस्ता मी त्याला "चल भाऊ, चल रे बाबा" करत होतो. स्टेशनावर पोचलो, हमाल शोधायला वेळ नव्हता, पेटी डोक्यावर घेतली आणि पळालो.

गाडी नुकतीच हलली होती. गोपिका डब्याच्या दारात उभी होती. अगदी माझ्यासमोर. गाडी अजून चालण्याच्या वेगात होती, आणि मी पळत होतो. ती हात पुढे करून ओरडली, "पेटी टाका! तुम्ही चढा!"

मी पेटी टाकली असती तर चढलो असतो. आज इतक्या वर्षांनीही डोळ्यांपुढे तिचा तो पुढे केलेला हात येतो. त्या हातात मी माझा हात द्यायचा सोडून पेटी द्यायला निघालो. डोक्यावरून पेटी उतरवून दाराकडे उचलली मात्र, कमरेत कट्‌कन आवाज झाला. पेटी प्लॅटफॉर्मवर आणि मी पेटीवर.

गाडी पुढे गेली. गोपिका उतरली नाही. साखळीही ओढली नाही. लांबून तिचा आवाज आला, "उद्याच्या गाडीनं या!" आणि ती दिसेनाशी झाली.

उद्याच्या गाडीनं कसला येतो? मला कुशीवर वळायलाही दादाजी लागत होते. ते रोज संध्याकाळी येऊन गरम विटेनं माझी कंबर शेकायचे आणि बोलायचे.

"म्हणून म्हणत होतो ना, गुरुवार आहे."

"मग गोपिकाले काहून काही झालं नाही? ती बी गुरुवारीच गेली."

"तिनं कुठं काही ठेवलं होतं? तुम्ही ठेवलं. आणि ठेवलेलं बेसावरून उलटं उत्तरेले टेशनावर आणलं! असं कुठं असते काय गा?"

मी भिंतीकडे तोंड केलं. घरात पेटी उघडी पडली होती. रजई तेवढी उपयोगी पडली, ती मी पांघरली होती. तिकडे पाऊस पडत असेल, समुद्रावर ती उभी असेल, शेजारी मी नाही, याचं मला इतकं वाईट वाटायचं की कंबर बरी असती तर मी चालतच निघालो असतो.

गोपिका परत आली ती उन्हानं आणि आनंदानं रापून. तिकडे थंडी नव्हतीच. पाऊस यायचा, तोही कोमट, आणि लगेच पुन्हा ऊन. लोक भिजत भिजत फुगे विकत होते. तीही भिजली. लाट पायाशी आली तेव्हा लहान पोरीवाणी किंचाळली, हेही तिनंच सांगितलं. "पलीकडचा काठ नाही दिसला," ती म्हणाली. "मी लई वेळ पाहत राहिली. रविंद्र म्हणे, चल ताई. पण मले वाटे, तुम्ही असते तर बोलले असते, थांब अजून."

मी रजई तोंडावर ओढून घेतली.

संध्याकाळी ती शेजारी गेली तेव्हा मी भिंत धरत धरत मोरीपाशी गेलो. बादलीत तिनं कपडे भिजत घातले होते. आत उजेड नव्हता. लाटेत भिजलेली साडी याच पाण्यात असणार, असा विचार करून मी हळूच बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. खारट! माझे डोळे भरून आले. पुन्हा एकदा बोट बुडवून चाखलं.

"अजी, काय करून राहिले?" मागून गोपिका म्हणाली.

"काही नाही. तुझा समुद्र चाखतो आहे."

"साड्या तर मी तिकडेच धुऊन आणल्या." ती बादलीत डोकावली. "हे तुमचे मोजे होत. मी गेल्यापासून पायातून काढलेच नव्हते म्हणतात दादाजी."

मी चूळ भरायला वाकलो आणि कंबर पुन्हा धरली. माझ्या पाठीवर हात ठेवून ती तशीच उभी राहिली. मग हसू दाबत म्हणाली,

"समुद्र काही एवढा खारट नसते, अजी."